वाकलेल्या दोन पिना

बेळगावची बस आज येणार नव्हती. खानापूरच्या अलीकडे रस्त्यावर झाड आडवं पडलंय, असं ट्रकवाले सांगत होते. रामनगरच्या स्टँडवरची माणसं पांगली. तेवढा एक जण मात्र समोरच्या दुकानाच्या पत्र्याखाली येऊन उभा राहिला.

पाऊस तिरका मारत होता. त्याच्याकडे छत्री होती, पण ती डोक्यावर नव्हतीच... छातीशी कवटाळलेल्या गाठोड्यावर होती. दुकानात काम करत बसलेल्या विमलनं डाग द्यायची सळई कापसात पुसून बाजूला ठेवली.

"आत या की. लेकरू भिजंल."

"लेकरू न्हाई..." तो ओशाळून हसला. "लॅपटॉप हाय. बंद पडलाय. बेळगावला नेत हुतो."

"मग तर आदी आत या!"

दुकान तिच्या वडिलांचं, भिकाजीचं होतं आणि हात विमलचे. रेडिओ-टीव्ही दुरुस्तीत भिकाजीचं नाव होतं, पण दोन वर्षांपूर्वी त्याचं उजवं अंग गेलं. तेव्हापासून तो कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून असायचा. विमलनं बेळगावात सहा महिने कॉम्प्युटरचं काम शिकून घेतलं होतं. फळीवर तीन मेलेले लॅपटॉप पडलेले असायचे. एकाची मेमरी काढून दुसऱ्याला घाल, तिसऱ्याचा कीबोर्ड चौथ्याला लाव, असं करत ती लाकूडवाल्यांच्या नि खाणवाल्यांच्या ऑफिसातली जुनी यंत्रं चालती ठेवायची. सन नव्व्याण्णव चालू होतं, आणि बाईमाणूस दुकानात बसतं म्हणून गिऱ्हाइकं अजूनही दारातच घुटमळायची.

हा घुटमळला नाही. त्याचं नाव उमाजी वेळीप. कुंभारवाडा गावचा. एका संस्थेचा फिरता दवाखाना जंगलातल्या वाड्यांवर जायचा, त्यात तो कामाला होता.

"क्षयाचे एकसष्ट पेशंट हायेत," तो म्हणाला. "कुणाचं औषध कवा सुरू झालं, कुठल्या गोळ्या, किती म्हयने राह्यले... समदं ह्यात हाय."

"वहीत न्हाई?"

"हुती. जीप वढ्यात आडकली, त्यात वही गेली." त्यानं गाठोड्यावरचं पाणी पुसलं. "गोळ्या मधीच सुटल्या तर आजार उलटतो. मग तीच औषधं लागू हुईत न्हाईत. घराघरांत आजून धा दिवस पुरतील येवढ्या गोळ्या हायेत."

विमलनं मागचं झाकण उघडलं. आतल्या बोर्डावर हिरवट गंज चढला होता. रेडिओ बिघडला तर गाणं थांबतं... इथं एकसष्ट माणसं होती.

"अक्का, हुईल का न्हाई?"

"अक्का कुणाला म्हणताय? तुमच्यापेक्षा ल्हानच असंन मी."

"मग काय म्हणू?"

"विमल नाव हाय माझं," ती डोळे वर न करता म्हणाली. आणि का कोण जाणे, तिला स्क्रूची खाचच सापडेना.

हा बोर्ड जगणार नव्हता. पण माहिती बोर्डात नसते, डिस्कमध्ये असते. याच जातीचं दुसरं यंत्र मिळालं तर डिस्क त्यात बसवता आली असती. विमलनं शेजारच्या बूथवरून वास्कोच्या भंगारवाल्याला फोन लावला. त्याच्याकडे एक होतं. पडदा फुटलेला, पण बाकी जिवंत. पडदा ह्याचा त्याला लावता येणार होता.

"मी आणतो," उमाजी म्हणाला. "आज आगगाडीनं जातो, उद्या सांजपातूर परत."

"सांभाळून..." विमल म्हणाली, आणि घाईनं पुढे जोडलं, "मशीन."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो आला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी एक ट्रकवाला चहा पिता पिता म्हणाला, "घाटात दरड आलीया. वास्कोची गाडी आडकलीया. दोन डबं खाली गेलं म्हणं."

विमलनं हातातला चिमटा खाली ठेवला.

"बाबा, मी जरा... स्क्रू आणायला जाते."

भिकाजीनं तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. "छत्री घे," एवढंच म्हणाला.

ती भाड्याच्या जीपमधून घाटमाथ्यावरच्या कॅसलरॉकला पोचली तेव्हा स्टेशनवर धुकं इतकं दाट होतं की सिग्नलचा खांबही दिसत नव्हता. फलाटावर माणसं घोळक्यानं उभी होती. कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. स्टेशनमास्तरांनी विचारलं, "गाडीत कोण हाय तुमचं?"

कोण होतं?

"पार्सल," ती म्हणाली.

"डबे रुळावरच हायेत, घाबरू नका. पण दगडं पडलीत, काई जण जखमी हायेत. चालता येतंय ती माणसं रुळावरनं चालत येतायत."

दीड तासानं धुक्यातून ती माणसं येऊ लागली. चिखलानं माखलेली, डोक्यावर पेट्या घेतलेली. विमल एकेक चेहरा बघत होती. दहा... वीस... तीस. रांग संपत आली. आता धुक्यात नुसतेच रूळ उरले होते, आणि...

"विमल!"

तो लंगडत होता. डोक्यावर प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं गाठोडं, गुडघ्यावर फाटलेली पँट, पोटरीवर जळवांचे डाग.

"तुमी हितं?"

"पार्सल बघायला आले."

"पार्सल शाबूत हाय."

"आणि... आणणारा?"

"त्योबी," उमाजी म्हणाला. परतीच्या जीपमध्ये दोघांच्या मध्ये ते गाठोडं होतं, आणि दोघांनीही एकेक हात त्याच्यावर ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी विमलनं जुन्या यंत्रातली डिस्क काढायला घेतली. गंजानं ती घट्ट चिकटली होती. एकदा ओढली, आली नाही. दुसऱ्यांदा जोर लावला, आणि ती तिरकी होऊन हातात आली. विमलनं ती उलटून पाहिली. केसासारख्या बारीक पिनांच्या रांगेतल्या दोन पिना आडव्या झाल्या होत्या. तिच्याच हातानं.

"तुटल्या?" उमाजीनं विचारलं.

"वाकल्यात. सरळ करायला गेलं नि मोडल्या तर..." तिनं डिस्क हलकेच कापसावर ठेवली. "माझ्यानं न्हाई व्हायचं. बेळगावला न्या."

खुर्चीतून भिकाजीचा जड आवाज आला. "तिथंबी कुणाचा तरी हातच आसणार. तुझाच लाव."

उमाजीनं बॅटरी पेटवून धरली. विमलनं बारीक सुई घेतली आणि पहिल्या पिनेखाली सरकवली.

"उजेड हलतोय."

"उजेड न्हाई... मी हलतोय."

ती हसली, आणि त्या हसण्यानं तिच्या बोटांतला ताठरपणा थोडा उतरला. पहिली पिन उभी राहिली. दुसरी मुळातूनच वाकली होती. सुईनं ती किंचित उचलली, थांबली, पुन्हा उचलली. बारीकसा 'टक्' आवाज झाला. दोघांचेही डोळे आपोआप मिटले. विमलनं हळूच उघडून पाहिलं. मोडलं होतं ते सुईचं टोक. पिन जागेवर होती.

डिस्क बसली. जुना पडदा नव्या यंत्राला जोडला गेला. बटण दाबलं. काळोख... काळोखच. मग आत काहीतरी गुरगुरलं, आणि पडद्यावर अक्षरं उमटली.

उमाजीनं स्टूल पुढे ओढलं.

"पुन्हा बंद पडायच्या आदी कागदावर उतरून घेऊ," विमल म्हणाली. "मी वाचते, तुमी लिवा."

ती वाचत गेली. वाडी, नाव, गोळ्या, राहिलेले महिने. त्रेचाळिसाव्या नावापाशी ती अडखळली.

"पारू बाबलो वेळीप... कुंभारवाडा. राहिले दोन महिने. औषध देणारा, मुलगा उमाजी." तिनं वर पाहिलं. "तुमची आय?"

"व्हय."

"पयल्याच दिवशी का न्हाई सांगितलं?"

"तुमी आदीच भ्यालेल्या. सांगितलं आसतं तर तुमचा हात थरथरला आसता."

विमलचे डोळे भरून आले. राग आला होता, आणि रागाच्या खाली दुसरंच काही होतं. "म्हणून एकट्यानंच भ्यायचं? दरडीत, घाटात, हितं बॅटरी धरून... सगळं एकट्यानं?"

उमाजीनं पेन खाली ठेवलं.

"मग माझंबी ऐका. कॅसलरॉकला मी मशीनसाठी आले न्हवते. डबं खाली गेलं म्हणाले, तवा मला तुमच्या यादीची आठवणसुद्धा झाली न्हाई. मला फकस्त..." ती त्याच्याकडे वळली. "फकस्त तुमी पायजे हुता."

मग उमाजी अगदी हळू म्हणाला, "मलाबी सांगायचं हाय. रुळावरनं चालताना येकच इचार हुता... की हिला परत बघायचं. पण आता लई भ्या वाटतंय."

"आता कशाचं?"

"तुमच्या बाबांचं."

कोपऱ्यातल्या खुर्चीत भिकाजीचे डोळे मिटलेलेच होते.

"जागा हाय मी," तो म्हणाला. दोघंही दचकली. "आजून अठरा नावं राह्यलीत. आदी ती पुरी करा. तुज्या आयच्या गोळ्या पोचव, पोरा. मग तिला बरं वाटलं की घिऊन ये हिकडं. काय बोलायचं ते मोठ्या माणसांत बोलू."

विमलनं मान खाली घातली आणि चव्वेचाळिसावं नाव वाचलं. उमाजीनं ते मन लावून लिहिलं... आणि चुकून पुन्हा एकदा लिहिलं.