बाबांनी दिलेलं वजन

बाबांना ताईकडे घेऊन जायचं, एवढ्या एकाच कामासाठी मी त्या महिन्यात कितव्यांदा तो जिना चढले, ते मलाच माहीत. ताई माझी थोरली बहीण. तिच्या रक्तात काहीतरी बिघडलं होतं. डॉक्टरीणबाईंनी मला खोलीबाहेर बोलावून हळू आवाजात सांगितलं होतं, की कुणाला भेटायला यायचं असेल तर त्यांनी आता लांबणीवर टाकू नये. आणि बाबा नेमकं तेच करत होते.

"आज नको. आज आमचं काम आहे," असं ते दर वेळी म्हणत.

काम! रेसकोर्स बंद होऊन जमाना झाला होता. जिथे घोडे पळायचे तिथे आता गाड्या उभ्या राहतात. बाबा आणि त्यांचे दोन मित्र त्याच जागेसमोरच्या एका इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांत राहत. तिघांच्याही बायका कधीच गेल्या होत्या. खाली पूर्वी खोगिरांचं दुकान होतं. ते बंद पडलं, तरी जिन्यात चामड्याचा आणि तेलाचा वास तसाच होता.

एके काळी या तिघांची नावं माहीत नाहीत असा माणूस शहरात सापडला नसता. ते हँडिकॅपर होते. कुठल्या घोड्याने किती वजन घेऊन पळायचं, हे ते ठरवत. घोडा जोरात असेल तर खोगिराखालच्या कापडी कप्प्यांत शिशाच्या पट्ट्या सरकवून त्याचं ओझं वाढवायचं. कमजोर असेल तर त्याला हलकं सोडायचं. हेतू एकच, की शर्यत संपते त्या खांबापाशी सगळे घोडे एकाच वेळी, बरोबर पोहोचावेत. घोड्यांचे मालक त्यांना शिव्या घालत, पैज हरलेले लोक दारात येऊन तमाशा करत. वर्तमानपत्रांनी त्यांना टोपणनावं दिली होती. एक दुर्बीणकाका. दुसरे अर्धा किलो, कारण अर्ध्या किलोवरून ते मंत्र्याशीही भांडले असते. आणि माझे बाबा, ज्यांना सगळे 'साहेब' म्हणत. पुढे हे काम यंत्राकडे गेलं, मग रेसकोर्सच गेलं, आणि तिघांना लोक साफ विसरले. हे अजून जिवंत आहेत असं सांगितलं, तर लोकांना खरं वाटत नसे. कधीकधी मलाही वाटत नसे. मी लहान होते तेव्हा ते जेवढे म्हातारे होते, तेवढेच अजूनही दिसत.

त्या दिवशी वर गेले तेव्हा तिघंही गॅलरीत खुर्च्या टाकून रस्त्याकडे बघत बसले होते.

"बाबा, रिक्षा खाली उभी ठेवलीय. उठा."

"थांब. ती निळ्या छत्रीवाली येऊ दे."

वीज मंडळाच्या तक्रार खिडकीवर मी दिवसभर लोकांचं ऐकून घेते. माझी सहनशक्ती सरकारी आहे, पण बाबांपुढे तीही हात टेकते. मी कठड्याशी जाऊन उभी राहिले. खाली चौकाच्या दिशेने माणसं चालली होती. निळी छत्री घेतलेली बाई, बाबागाडी ढकलणारा एक बाप, काठी टेकत जाणारे एक आजोबा, आणि बरीच मागून, एकमेकींना ढकलत पळत येणाऱ्या शाळकरी मुली. मी बघत राहिले. आजोबा काही भराभर चालले नाहीत, मुलीही काही थांबल्या नाहीत. पण चौकातल्या दिव्याच्या खांबापाशी ही सगळी माणसं एकाच क्षणी पोहोचली. एका रेषेत, खांद्याला खांदा लावून. मग आपापल्या वाटेने पांगली.

"वा!" अर्धा किलो म्हणाले, आणि तिघांनीही मान डोलावली.

सिग्नलमुळे झालं असेल, असं मी मनाशी म्हटलं. सिग्नल पलीकडच्या बाजूला होता, पण तेव्हा मला डोकं चालवायला वेळ नव्हता.

"ताई कशी आहे?" बाबांनी विचारलं.

"तेच बघायला चला म्हणतेय ना!"

"ते नाही गं. किती पुढे गेलीय?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पोटची पोर अंथरुणाला खिळलीय, आणि हे घोड्याची चौकशी केल्यासारखं विचारतात! मी म्हटलं, "खूप पुढे गेलीय. डॉक्टरीणबाई म्हणतात, फार दिवस नाहीत. झालं समाधान?"

बाबांचा चेहरा उतरला. ते उठून आत गेले, कपाट उघडलं, बराच वेळ काहीतरी वाजवत राहिले, आणि एक लहानशी कापडी पिशवी घेऊन आले. आत शिशाची पट्टी होती.

"तिच्या उशीखाली ठेव."

"बाबा, तिला औषधं चालू आहेत."

"औषधं तू बघ. हे मी बघतो."

गाढवापुढे वाचली गीता! वाद संपवावा म्हणून मी पिशवी घेतली. जिना उतरताना ती हाताला इतकी जड लागली, की दोनदा हात बदलावा लागला. ताईच्या घरी गेल्यावर मी ती उशीखाली सरकवली आणि तिला म्हटलं, "तुझ्या वडिलांनी आहेर पाठवलाय." ती हसली. तिला तेव्हा हसायलाही दम लागायचा.

त्यानंतर ताईला बरं वाटू लागलं.

चमत्कार बिमत्कार काही नाही, सावकाश. आधी ती बसून जेवायला लागली, मग स्वतः न्हाणीघरापर्यंत जाऊ लागली. "अंग कसं जड झाल्यासारखं वाटतं गं," ती म्हणायची, "पण चांगलं जड. आधी मी कुठेतरी वाहत चालले होते, आता पाय टेकलेत." डॉक्टरीणबाईंनी तपासण्या पुन्हा करायला लावल्या, आणि औषध लागू पडलं म्हणून स्वतःचीच पाठ थोपटून घेतली. मीही म्हटलं, घ्या बाई. श्रेय कुणीही घ्या, माझी बहीण मला द्या.

माझंही बरं चाललं होतं. कित्येक वर्षांची गुडघेदुखी थांबली. ऑफिसातून परत येताना थकवा म्हणून नसे. चिंता मिटली की माणसाला हलकं वाटतं, असं मी सगळ्यांना सांगत होते.

मग मुलीचं सुरू झालं. माझी मुलगी अकरा वर्षांची. तिचे बाबा जहाजावर असतात, म्हणून घरात आम्ही दोघीच. पोर अशी, की चालली तरी शेजारी भिंत ठोकायचे. ती आता येते-जाते ते कळेनासं झालं. मी ओट्याशी काम करत असायचे आणि वळून बघावं तर ही मागे उभी. दर वेळी मी तिच्यावर खेकसायचे, "पाय वाजवत ये ना गं!"

"वाजवतेच आहे," ती म्हणायची.

शाळेतले खेळाचे सर खुशीत होते. "तुमची मुलगी पळत नाही हो, तरंगते!" ते म्हणाले. मी तिला दवाखान्यात नेऊन काट्यावर उभं केलं. वजन पूर्वीइतकंच, उलट किंचित जास्त. डॉक्टरांनी माझ्याकडेच जरा निरखून पाहिलं. मी स्वतःला चार शब्द सुनावले आणि विषय मिटवला.

तो मिटला नाही. एका रविवारी सकाळी मी तिला घेऊन बागेत गेले. झोपाळ्याखाली ओली वाळू होती. दुसरी मुलं त्या वाळूतून पळत होती आणि त्यांच्या टाचा रुतत होत्या. माझी मुलगी त्यांच्यामागे इकडून तिकडे गेली, परत आली. मी वाकून बघितलं. तिच्या वाटेवर वाळू हाताने सारवल्यासारखी सपाट होती.

मग मी माझी चप्पल काढली आणि स्वतः त्या वाळूवर उभी राहिले. जोर देऊन उभी राहिले.

मुलीला तिथूनच ताईकडे सोडलं, आणि तडक बाबांकडे गेले.

तिघं गॅलरीतच होते. मी उंबरठ्यावरूनच ओरडले, "बाबा, माझ्या पोरीला काय केलंत?"

"केलं काही नाही," बाबा म्हणाले. "उतरवलं थोडं."

"काय उतरवलं?"

"पुढच्यावर वजन चढवायला मर्यादा असते. फार चढवलं की पाय मोडतो. मग मागच्यांचं उतरवावं लागतं. लहानपणी तुला शंभरदा सांगितलंय, पण तुझं लक्ष कधी होतं?"

"तुझंही उतरवलंय," अर्धा किलो म्हणाले. "गुडघे कसे आहेत आता?"

एवढी वर्षं या माणसाशी मी भांडत आले. विसरला म्हणून, ऐकत नाही म्हणून, येत नाही म्हणून. ते सगळं भांडण किती साधं आणि सुखाचं होतं, ते मला त्या क्षणी कळलं.

"मागचे म्हणजे कोण, बाबा?"

"तू. आणि पोर. पोर तर फारच मागे होती गं. तिला बरंच हलकं करावं लागलं."

"ती अकरा वर्षांची आहे!"

"तेच म्हणतोय मी."

दुर्बीणकाका खोकले. बाबांनी माझा हात धरला. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते खरं होतं. याचाच मला सगळ्यात जास्त संताप आला.

"ताई एकटी पुढे गेली असती," ते म्हणाले. "तू मागे राहून रडत बसली असतीस. मग तू गेली असतीस, पोर रडत बसली असती. आपल्या घरात तुझ्या आईपासून हेच चाललंय. आता कुणी मागे राहणार नाही. सगळी बरोबर. उभ्या हयातीत माझ्या हातून एकदाही असं झालं नाही बघ. नेहमी कुणाची तरी मान पुढे यायची."

"आणि तुम्ही?"

त्यांना प्रश्नच कळला नाही. "आम्ही कधी पळतो? वजन देणारा पळत नाही, बये."

"मी ती पट्टी काढून टाकणार आहे. आत्ता जाऊन."

"शर्यत सुटायच्या आधी काढता आली असती," दुर्बीणकाका म्हणाले. ते माझ्याकडे बघत नव्हते. "आता सुटून बराच वेळ झाला."

मी धावत जिना उतरले. माझ्या पावलांचा आवाज मला ऐकू आला नाही.

ताई खुर्चीत बसून केस विंचरत होती. गालांवर रंग आला होता. मुलगी अंगणात होती. मी ताईला सगळं सांगितलं, जसं सुचेल तसं. ती मला वेड्यात काढेल असं वाटलं होतं. तिने फणी खाली ठेवली.

"पोरीच्या जिवावर मला नको," ती म्हणाली.

"ताई, पण मग तू..."

"काढ म्हणते ना! थोरली कोण, तू का मी?"

मी उशी उचलली. पिशवीतून पट्टी बाहेर काढली.

ती कागदाच्या कपट्याइतकी हलकी होती.

मी ती ताईच्या हातात दिली. तिने तळव्यावर झेलून पाहिली, फुंकर मारली. पट्टी उडून पलंगाखाली गेली.

मग ताई उठली. पलंगाच्या कडेला धरून, पण एकटीच उठली.

"चल बाबांकडे. मी बोलते त्यांच्याशी. माझं ऐकतात ते."

"तुला चालवेल?"

"मला चालवेल," ती म्हणाली. "तू पोरीला सांभाळ."

आम्ही फाटकाबाहेर पडलो. ऊन चांगलं वर आलं होतं. रस्त्यावर कुणी नव्हतं. मुलगी माझा हात सोडून पुढे पळाली, मावशीला आपला वेग दाखवायला. पाय भराभर हलत होते, केस उडत होते.

ती आमच्या पुढे गेली नाही.

ताई सावकाश चालत होती. मी चालत होते. पोर जिवाच्या आकांताने पळत होती. आणि आम्ही तिघी खांद्याला खांदा लावून चाललो होतो.

"आई, बघ ना, मी पळतेय!" ती हसत म्हणाली.

तेव्हा मला बाबा दिसले. थोड्या अंतरावर, कुंपणाच्या भिंतीला लागून. कधीही भेटायला न आलेले माझे बाबा, आणि शेजारी त्यांचे दोघे मित्र. तिघांच्याही अंगात इस्त्रीचे कोट होते, टाय होते, बूट चकाकत होते. हे रेसच्या दिवशीचे कपडे त्यांनी कधीच टाकून दिले असतील असं मला वाटलं होतं.

मी थांबले. त्याच क्षणी ताई थांबली. त्याच क्षणी पोर थांबली.

"बाबा!" ताईने हाक मारली.

बाबा आमच्याकडे बघत नव्हते. तिघांचीही नजर आमच्यापुढे, काही पावलांवर, रिकाम्या रस्त्यावर होती. तिथे खांब नव्हता, काहीच नव्हतं. बाबा हळूच पुढे आले, गुडघ्यावर हात ठेवून वाकले, आणि त्या जागेवरचा एक खडा उचलून बाजूला टाकला.