वरून चिमूटभर

“इथं? ताई, दाण्यांच्या दुकानात आणलंत तुम्ही आम्हाला?”

धाकटीचा आवाज फार मोठा नव्हता, पण कोपऱ्यावरच्या त्या छोट्याशा थाई हॉटेलच्या दारात तो असा काही खणखणला की आत सूप पिणारं एक जोडपं चमचा हवेतच धरून बघत राहिलं. तिच्या एका हातात मेन्यूकार्ड होतं आणि दुसरा हात लेकीच्या खांद्यावर घट्ट रोवलेला. लेकीला सगळे भिंगरी म्हणत, कारण पोर एका जागी म्हणून ठरत नसे. पण आता तीसुद्धा आईच्या हाताखाली मुकाट उभी होती.

थोरली जाऊ एक पाऊल पुढे आली. मग हलकेच म्हणाली, “मी मालकिणीशी बोलून ठेवलंय. आपली कढई वेगळी, डाव वेगळा. टेबलावर शेंगदाण्याचा कणसुद्धा येणार नाही. सकाळी स्वतः येऊन सांगून गेलेय.”

“तुम्ही सांगून गेलाय!” धाकटी हसली. “मग तर काळजीच मिटली!”

तो घाव वर्मी बसला... पण थोरलीने चेहऱ्यावरची रेघही हलू दिली नाही. इतक्या वर्षांत तिला तेवढं जमायला लागलं होतं.

“चला गं आता, दारात तमाशा नको,” धाकटा दीर घाम पुसत म्हणाला. बिचाऱ्याचा सगळा जन्म घरातल्या बायकांची समजूत काढण्यात चालला होता आणि त्यातली एकही आजवर निघाली नव्हती. “आईचा पंचाहत्तरावा वाढदिवस आहे. आईलाच इथं यायचं होतं ना, वहिनी?”

“हो,” थोरली म्हणाली. “आईंनाच.”

खोटं नव्हतं ते. पण पुरतं खरंही नव्हतं. सासूबाई आता नव्या जागी बावरत. परक्या खोलीत गेलं की “आपण कुणाकडे आलोय गं?” म्हणून कानाशी कुजबुजत, आणि मोरीत गेल्या की कुठल्या दारानं बाहेर यायचं तेच त्यांना उमगत नसे. या हॉटेलात मात्र दोघी सासू-सुना दर आठवड्याला येत. भिंतीकडचा तोच बाक, तीच निळ्या दाराची मोरी, आणि मालकीण दर वेळी त्याच शब्दांत विचारायची, “काय आजी, आज भूक आहे ना?” इथं सासूबाईंना काही आठवावं लागत नसे, म्हणून काही विसरलेलं दिसतही नसे. साऱ्या गावात त्यांना चारचौघींसारखं बसता येईल अशी ही एकच जागा उरली होती... आणि ती नेमकी दाण्यांची निघावी! हे धाकटीला सांगायचं तरी कसं? दूर राहणाऱ्या त्या दोघांना आईचं विसरणं इतकं वाढल्याची गंधवार्ताही नव्हती. फोनवर सासूबाई अडखळल्या की थोरली शेजारी बसून खुणेनं उत्तर पुरवत असे.

मंडळी बसली. सासूबाई बाकावर, भिंतीला टेकून. त्यांच्या एका अंगाला भिंगरी, समोर धाकटी आणि धाकटा. थोरलीने मुद्दाम टोकाची खुर्ची घेतली, तिथून सगळ्यांची ताटं दिसत. दर टेबलावर असतो तो चार बरण्यांचा लहानसा स्टँड, म्हणजे साखर, तिखट, सिरक्यातल्या मिरच्या आणि दाण्याचं कूट, तो मालकिणीने शब्दाला जागून त्यांच्या टेबलावरून उचलला होता. थोरलीने बाकालगतच्या शेजारच्या रिकाम्या टेबलावरचाही उचलायला लावला. मग स्वतःच्या रुमालाने टेबल पुसलं. पुन्हा पुसलं.

“केवढी ती काळजी!” धाकटी पुटपुटली. “तेव्हा यातली थोडी असती तर...”

“पुरे,” धाकटा म्हणाला.

“का पुरे? माझी पोर निळी पडली होती तुमच्या घरात! दीड वर्षाचं लेकरू... दवाखान्यात पोचेपर्यंत मी काय भोगलं ते मला ठाऊक!”

भिंगरीने मान खाली घातली. सासूबाईंनी मान हलवली आणि त्या थोरलीकडे बघत म्हणाल्या, “हिचंच चुकलं ते. मी सांगते ना. लहान मूल आहे घरात, डोळ्यांत तेल घालून राहायला नको का?”

थोरलीच्या काळजाला घरं पडली! धाकटीचे बोल ती पचवू शके. पण हे...

त्या दुपारचं सगळं तिला लख्ख दिसत होतं. भिंगरीच्या कस्टर्डच्या वाटीवर कुणीतरी दाण्याचं कूट भुरभुरवलं होतं. पोरीला दाण्यांची ॲलर्जी आहे हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. धाकटी किंचाळत होती, धाकटा किल्ल्या शोधत होता, आणि सासूबाई कोपऱ्यात उभ्या राहून विचारत होत्या, “कुणी घातलं गं? कुणी घातलं?” विचारणं अगदी खरं, अगदी निरागस... आणि त्यांच्याच उजव्या तळहाताला कूट चिकटलेलं! थोरलीने ओलं फडकं घेतलं, तो हात हातात धरून बोट न बोट पुसलं, आणि वळून म्हणाली, “माझ्याच हातून झालं. लक्षात राहिलं नाही मला.”

का म्हणाली? त्याआधी काही दिवसच गॅस पेटता राहिला म्हणून धाकट्याने आईसाठी वृद्धाश्रमाची चौकशी केली होती. त्या रात्री सासूबाईंनी तिचे दोन्ही हात धरले होते, “मला या घरातून काढू देऊ नकोस गं.” आणि तिचा नवरा, या घरचा थोरला मुलगा, गेला आणि नातेवाईक तिला माहेरी धाडायला निघाले होते, तेव्हा हीच बाई दारात आडवी उभी राहिली होती, “ती कुठं जाणार नाही. ती माझी आहे!” म्हणून. त्या एका वाक्याचं ऋण कशानं फिटणार होतं?

फिटलं नाहीच, उलट वाढतच गेलं. सासूबाईंची आयुष्यभराची एक खोड होती. ज्याच्यावर जीव त्याच्या ताटात वरून काहीतरी चिमूटभर घालायचं. मग ती साखर असो, मीठ असो, हाताला लागेल ते. त्यांचं ‘बाळा, जेव’ म्हणणं तसं असे. लग्न होऊन आल्यापासून थोरलीच्या ताटात ती चिमूट रोज पडत आली होती. त्या दुपारनंतर मात्र ती थांबली. सासूबाई आपलं केलेलं विसरल्या. थोरलीची कबुली तेवढी त्यांच्या मनात कायमची रुतून बसली. नातीला मारायला निघालेली सून! तिच्या हातचं त्या जेवत, तिचा हात धरून चालत, पण तिच्या ताटावर त्यांचा हात पुन्हा कधी म्हणून आला नाही. ज्यांच्यासाठी केलं त्यांच्याच मनातून ती उतरली होती, आणि ती सल कुणाला दाखवायचीही सोय नव्हती!

नूडल्सच्या बशा आल्या. भिंगरीची सगळ्यात आधी, साधी, कडेला दाण्यांचा ढीग न घातलेली. पोर बशीला हात न लावता हात धुवायला पळाली, आणि थोरली स्वयंपाकघराच्या खिडकीशी गेली, डाव खरंच वेगळा होता ना ते पुन्हा एकदा विचारायला. तेवढाच काय तो वेळ. पण तेवढ्यात शेजारच्या टेबलावर नवं गिऱ्हाईक आलं आणि कुणीतरी सवयीने तिथं बरण्यांचा स्टँड आणून ठेवला.

थोरली परतली तेव्हा भिंगरी जागेवर बसून काट्याला नूडल्स गुंडाळत होती. धाकटी पर्समध्ये रुमाल शोधत होती, धाकटा बिलाच्या आधीच बिलाच्या चिंतेत होता. सासूबाई मात्र प्रसन्न हसत होत्या. त्यांचा उजवा हात मांडीवर उताणा पडला होता... आणि बोटांच्या पेरांना तपकिरी कण लागले होते!

थोरलीच्या तोंडचं पाणी पळालं. ओरडावं तर सगळे विचारणार, कुणी घातलं? बशी भिरकावावी तर कण जमिनीवर पसरणार, दिसणार. काटा पोरीच्या ओठांपाशी पोचला होता... तिने झडप घातली. काटा हिसकावला, बशी ओढली, आणि उभ्या उभ्या, सगळ्या हॉटेलच्या देखत, ती पोरीच्या बशीतलं हातानं बकाबका खाऊ लागली!

“ताई!” धाकटी ताडकन उठली. “वेड लागलंय का तुम्हाला? लेकराच्या तोंडचा घास ओढता? लाज नाही वाटत?”

“भूक... भूक लागली मला,” थोरली भरल्या तोंडाने म्हणाली. डोळ्यांना धारा लागल्या होत्या. अजून दोन घास, की वरचं सगळं पोटात जाईल, काही दिसणार नाही. “तिला दुसरी मागवू...”

पण धाकट्याने बशी धरली होती. तो वाकून बघत होता. बघता बघता त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

“यात कूट आहे,” तो म्हणाला.

त्यानंतरचा क्षण फार भयंकर होता. धाकटीने पर्समधून ॲलर्जीवरचं इंजेक्शनचं पेन काढलं, लेकीचा जबडा धरला, “खाल्लंस? सांग, खाल्लंस का?”

“नाही गं आई! तोंडात घालणारच होते... मोठ्या आईनं ओढलं.”

धाकटीने पोरीला छातीशी घट्ट कवटाळलं आणि मग ती थोरलीकडे वळली. “पुन्हा? पुन्हा तुम्हीच? तुमच्या शब्दावर आले मी! आत जाऊन काय सांगून आलात त्यांना? काय वाकडं केलंय माझ्या पोरीनं तुमचं?”

“वहिनी, बोला काहीतरी,” धाकटा बशी खाली ठेवत म्हणाला. “या वेळी मला खरं हवंय.”

खरं! ते तर हाताच्या अंतरावर होतं, बाकावर, मांडीवर उताणं पडलेलं. आणि ते सांगितलं की भिंगरी परत मिळणार होती, मान परत मिळणार होता... आणि सासूबाई जाणार होत्या, कुठल्याशा परक्या खोलीत, जिथं कुठल्या दारानं बाहेर यायचं ते त्यांना कधीच उमगलं नसतं.

“माझंच चुकलं,” थोरली म्हणाली. “नीट सांगायचं राहिलं माझ्याकडून.”

एवढं बोलून ती बाकापाशी वाकली. टेबलावरचा कागदी रुमाल तिने पाण्यात बुडवला, कुणाच्या लक्षात यायच्या आत सासूबाईंचा हात हातात घेतला, आणि बोट न बोट पुसू लागली.

सासूबाईंनी तिचं मनगट धरलं.

“थांब,” त्या म्हणाल्या.

“आई, हात ओला झालाय तुमचा, पुसते.”

“थांब म्हणते ना!” तो आवाज फार जुना होता, दारात आडव्या उभ्या राहिलेल्या बाईचा. त्या आपल्या तळहाताकडे बघत होत्या, ओल्या रुमालाकडे बघत होत्या. कपाळावर आठी पडली, जणू काहीतरी खोलवरून ओढून काढत होत्या. “असंच... असंच पुसलं होतंस तू. फडकं होतं ओलं. पोर रडत होती आत... आणि तू माझा हात पुसत होतीस.” त्यांनी मान वर केली. “का गं पुसत होतीस?”

थोरलीने ओला रुमाल मुठीत दाबून धरला.

“मी घातलं होतं,” सासूबाई म्हणाल्या. “तेव्हा मीच घातलं होतं ना? आणि आत्तासुद्धा... पोर फिकं फिकं खातेय म्हणून... अरे देवा!”

धाकट्याने खुर्ची आईजवळ ओढली. “आई... तू काय बोलतेस?”

“मला विसरायला होतं रे,” त्या लहान मुलीसारख्या रडू लागल्या. “काल काय खाल्लं ते आठवत नाही. तुझा फोन आला की हीच बोलवते माझ्याकडून. आणि मी हिला... मी हिला इतकी वर्षं...”

“वहिनी?” धाकटा म्हणाला.

“तुम्ही त्यांना ठेवून आला असता,” थोरली एवढंच म्हणाली. “मी शब्द दिला होता.”

धाकटी जागेवरून हलली नव्हती. इंजेक्शनचं पेन अजून तिच्या मुठीत होतं. तिने अर्धी रिकामी बशी पाहिली, थोरलीच्या हनुवटीवर लागलेलं कूट पाहिलं, आणि तिला कळलं... ती बाई कशासाठी खात होती ते सगळंच्या सगळं कळलं. “ताई,” ती म्हणाली आणि तिचा बांध फुटला. “मी माझ्या पोरीला तुमच्या सावलीलाही उभं राहू दिलं नाही हो! आणि तुम्ही... एकदा बोलायचं होतं ना! भांडायचं होतं माझ्याशी!”

“तुमचा राग खरा होता,” थोरली म्हणाली. “आई होता तुम्ही. मी भांडायचं कशासाठी?”

धाकटीने पुढे होऊन तिचे पाय धरायला हात घातला. थोरलीने तिला मधेच उचलून मिठीत घेतलं. धाकटा भिंतीकडे तोंड करून डोळे पुसत होता. “कुठं नाही न्यायचं आईला,” तो कुणाकडेच न बघता म्हणाला. “आम्हीच येत जाऊ. दर आठवड्याला येऊ.”

मालकिणीने शेजारचा स्टँड उचलून आत नेला, दोन्ही टेबलं गरम पाण्याने पुसून काढली, सासूबाईंपासून भिंगरीपर्यंत सगळ्यांना हात-तोंड धुवायला लावलं आणि नव्या बशा आणल्या. थोरलीची बशी सगळ्यात शेवटी आली. कुणालाच भूक नव्हती, पण सगळे बसले.

“मी उद्या हे पण विसरेन,” सासूबाई म्हणाल्या. “मग पुन्हा हिलाच दोष देईन.”

“मग मी सांगेन ना आजी,” भिंगरी म्हणाली. “रोज फोन करून सांगेन.”

धाकटी उठली. आत जाऊन मालकिणीकडून साखरेची नवी कोरी पुडी मागून आणली, फोडून एका वाटीत ओतली आणि वाटी सासूबाईंपुढे ठेवली. “आई,” ती म्हणाली, “वाढदिवस तुमचा. घाला ना सगळ्यांना वरून.”

सासूबाईंनी भिंगरीच्या बशीवर चिमूट सोडली, धाकट्याच्या, धाकटीच्या. मग हात वाटीत तसाच राहिला. त्यांनी टोकाच्या खुर्चीकडे पाहिलं. हात पोचत नव्हता. थोरली उठून बशी पुढे करणार, तोच त्या स्वतः बाक धरून उभ्या राहिल्या, कुणाचा आधार न घेता टेबलाला वळसा घालून आल्या, आणि थोरलीच्या बशीवर त्यांनी साखर सोडली. एक चिमूट. मग आणखी एक. मग आणखी... इतक्या वर्षांच्या राहिलेल्या सगळ्या चिमट्या एकदमच द्यायच्या असाव्यात तशा!

“आई, पुरे,” धाकटा हळूच म्हणाला. “गोडमिट्ट होईल ते.”

“घालू दे,” धाकटी म्हणाली.

थोरलीला समोरचं काही दिसत नव्हतं. तिने काटा उचलला आणि ती जेवू लागली.