डावीकडचा उजेड

रायफलवर लावायचा टॉर्च घ्यायला मी हाल्वरच्या दुकानात गेले तेव्हा भर दुपार होती आणि बाहेर मिट्ट काळोख होता. उत्तर ध्रुवाजवळच्या आमच्या स्वालबार बेटांवर नोव्हेंबरपासून सूर्य उगवतच नाही, त्यामुळे त्याचं कुणाला काही वाटत नाही. मला मात्र त्या हिवाळ्यात वाटू लागलं होतं. बर्फावर काम करणाऱ्या संशोधकांची अस्वलांपासून राखण करायची, हे माझं काम. कित्येक वर्षं ते केलं, आणि आता झोपून उठलं तरी रात्रभर फावडं मारल्यासारखं अंग दुखायचं. कंटाळा नव्हे, शीण. तो निघतच नव्हता.

"काय तोरुन, अजून तग धरून आहेस?" हाल्वर पावावर तपकिरी चीज लावत होता.

"तुझ्या कॉफीवर जगतेय. टॉर्च दाखव. माझ्याचं बटण गेलं."

त्याने आधी सगळ्यात मोठा काढला. "हा घे. लांबच्या अस्वलाच्या मिशा मोजता येतील."

"मला मिशा मोजायच्या नाहीत. वाऱ्याने बर्फ उडायला लागला की असला झोत उलटा माझ्याच डोळ्यांत येतो. मध्यम दे, कडेला पसरणारा. आणि वायरवालं बटण नको, थंडीत ती वायर काडीसारखी मोडते. मागे मोठं बटण हवं, जाड हातमोज्यातून दाबता येईल असं."

"नवरा निवडताना इतकी चिकित्सा केली नव्हतीस."

"म्हणून तर आता करते."

तो हसला, आणि सवयीने चार्जिंगच्या सेलच्या खोक्याकडे त्याचा हात गेला. मग त्याने तो हात मागे घेतला. आम्हा दोघांनाही यस्तेन आठवला होता.

यस्तेन माझा राखणीच्या कामातला जोडीदार. गेल्या जानेवारीत हिमनदीच्या पायथ्याच्या झोपडीवर तो एकटा राखणीला होता, आणि तिथून नाहीसा झाला. त्याच्याकडे प्रखर टॉर्च होता, पण सेल चार्जिंगचे. थंडीत ते मान टाकतात. उजेड गेला, वाट चुकली, एखाद्या भेगेत पडला, असं सगळ्यांनी ठरवलं. तो सापडला नाही, त्याची रायफलही नाही.

हाल्वरने न सांगता एकदाच वापरायचे लिथियमचे सेल पुढे ठेवले. "शर्टाच्या आत ठेव. अंगाशी."

"मला शिकवतोस?"

"तुला नाही. कुणालातरी सांगितल्याशिवाय राहवत नाही आता," तो म्हणाला आणि खोकं बांधायला वळला.

मला त्याच झोपडीवर जायचं होतं. सोबत इंग्विल्ड, बर्गनहून आलेली, बर्फाचा अभ्यास करणारी मुलगी. तिचा हा पहिलाच काळोखी हिवाळा. निघण्याआधी तिच्या आईचा मला फोन आला होता. "मोजमापं राहिली तर राहू देत," त्या म्हणाल्या, "तिला तेवढी परत आण." मी हो म्हटलं. असं हो म्हणणं मला कधी जड गेलं नव्हतं. या वेळी गेलं.

बर्फगाडीने झोपडीवर पोचल्यावर मी इंग्विल्डला नेहमीचे नियम सांगितले. रायफल बाहेरच्या गार पडवीतच ठेवायची, शेगडीच्या उबेत आणायची नाही. सेल काढून मी अंगाशी ठेवणार. आणि रायफलवरचा टॉर्च माणसावर कधी पाडायचा नाही, घरावर तर नाहीच. जिथे उजेड, तिथे नळी. गोळी जिथे जायला हवी तिथेच तो थांबवायचा.

"आणि दोघं राखणदार असले तर?"

"एक डावीकडचं बघतो, एक उजवीकडचं. यस्तेन नेहमी डावीकडे असायचा. उजव्या कानाने त्याला कमी ऐकू यायचं, म्हणजे माझी बडबड कानावर पडायची नाही."

ती हसली. मलाही बरं वाटलं. खूप दिवसांनी त्याचं नाव सहज तोंडात आलं होतं.

दुसऱ्या दिवशी जेवण उरकून आम्ही बर्फात रोवलेल्या मोजणीच्या काठ्या बघायला निघालो. कपाळावरच्या दिव्यांनी पावलांपुरतं दिसत होतं. शेवटच्या काठीपाशी इंग्विल्ड वाकून आकडे वाचू लागली, आणि पलीकडे नजर टाकावी म्हणून मी रायफलवरचा टॉर्च लावला. ताकासारखा पांढुरका उजेड पडला, चार पावलांवर संपणारा. सेल ताजे होते. मी हातमोज्याने काच पुसली. बर्फ काचेच्या आत होता.

मग मी रायफलचा, गोळी आत सरकवायचा बोल्ट ओढून बघितला. तो हलला नाही.

"इंग्विल्ड, रायफल आत आणली होतीस?"

ती सरळ उभी राहिली. "काल तू झोपल्यावर. हात लावला तर इतकी गारठलेली होती. मला वाटलं, उद्या हिच्यावरच आपला जीव. म्हणून शेगडीपाशी ठेवली. सकाळी परत बाहेर टांगली."

तिने रायफलला ऊब दिली होती. उबेत ओल धरली, आणि बाहेर येताच ती ओल गोठली. मला तिच्यावर ओरडायला हवं होतं, पण राग यायलाही अंगात काही शिल्लक लागतं. मी म्हटलं, "असू दे. माझ्या पुढे चाल. पळायचं नाही."

परतीच्या वाटेवर वारा पडला होता. आमच्या बुटांखाली बर्फ करकरत होता, बाकी काही नाही. मी माझा मिणमिणता टॉर्च उजवीकडे फिरवत होते. डावी बाजू काळोखात सोडून दिली होती, कारण दोन्हीकडे बघायला मला होतच नव्हतं.

तेव्हा डावीकडे उजेडाचं वर्तुळ पडलं.

लहान, कडक पांढरं, कडा अगदी स्वच्छ. ते बर्फावरून सावकाश पुढे गेलं, एका उंचवट्यापाशी थांबलं, मागे आलं. घाई नाही. मी उजवीकडे फिरवलं की ते डावीकडे फिरायचं.

मी मागे बघितलं. तिथे काहीच नव्हतं, झोताची रेघसुद्धा नाही. उजेड फक्त बर्फावर होता.

"झाला वाटतं टॉर्च चालू," इंग्विल्ड पुढे बघत म्हणाली. तिच्या आवाजातली भीती कमी झाली होती.

"हो," मी म्हटलं.

खरं सांगते, मी घाबरले नाही. मला रडू आलं. इतक्या महिन्यांनी अर्धा भार कुणीतरी उचलला होता. आता ही पोरगी घरी जाईल, असं वाटलं आणि माझे खांदे सैल पडले.

झोपडी दिसायला लागली. धुराड्यातून बारीक धूर निघत होता. इंग्विल्डची पावलं भरभर पडू लागली.

वर्तुळ बर्फ सोडून वर चढलं.

ते झोपडीच्या भिंतीवर आलं, तिथून दारावर, आणि दाराच्या मधोमध थांबलं. पुन्हा हललं नाही. नेम धरून श्वास रोखल्यावर थांबतं तसं.

घरावर उजेड पाडायचा नाही, हा नियम यस्तेन कधी मोडत नसे. मलाही तो त्यानेच शिकवला होता.

"थांब," मी म्हटलं. पण इंग्विल्डचा हात कडीवर गेला होता. मी तो धरला आणि हळूच बाजूला काढला.

"काय झालं?"

मी तोंडावर बोट ठेवलं. पाठीमागे आमची बर्फगाडी उभी होती. तिच्याकडे मी मानेने खूण केली.

आतून हाक आली. "तोरुन, ये ना गं. सूप निवतंय."

इंग्विल्डने माझी बाही घट्ट पकडली. आतून आलेला आवाज तिचाच होता.

मी तोंड मिटूनच उभी होते. तरी झोपडीच्या आतून मी उत्तर दिलं. "आले, आले. बूट झाडते आणि आले."

आत बूट आपटल्याचा आवाज झाला, एकदा, मग दुसऱ्यांदा. मग मी हसले, आत, मोकळं. त्या हसण्यात शीण अजिबात नव्हता.