वाजवून घेतलेला थालर

काशिनाथ राऊतांना व्यसन म्हणावं असं एकच. जर्मनी एक देश होण्याआधी तिथे जी लहानमोठी राज्यं होती, त्यांची चांदीची नाणी, म्हणजे थालर, ते जमवायचे. त्यांच्या आचोळ्याच्या दोन खोल्यांच्या घरात प्रशिया होतं, बव्हेरिया होतं. सॅक्सनी तेवढं यायचं होतं.

ते आणायलाच सकाळी निघाले, तेव्हा अनसूयाबाई म्हणाल्या, "बारापर्यंत या. जेवायची थांबते."

"थांबायचं नाही. तू इन्सुलिन घेतलंस की लगेच खायचं, डॉक्टरांनी बजावलंय ना?"

"हो." चाळीस वर्षं त्या असंच हो म्हणून थांबत आल्या होत्या.

गिरीजच्या वाडीत, केळीच्या आड मर्सीबाईंचं घर. त्यांच्या आजेसासऱ्यांनी बोटीवरच्या नोकरीत मिळवलेलं नाणं त्यांनी रुमालातून काढलं. सॅक्सनीच! राजाचं नाक, कडेची अक्षरं बघता बघता एक कधी वाजला, काशिनाथांना कळलंही नाही.

"न्या. पन वाजवू नका," मर्सीबाई म्हणाल्या. "सासू सहा वर्षं अंथरुणात होती, वाचा गेलेली. पानी पायजे झालं की ह्ये पेल्यावर तीनदा वाजवायची. ऐकेल त्यानं जायाचं, असा घरचा नेम."

"आणि आता?"

"आता सासू नाय. तरी कोनी वाजवलं तर तीच जाते."

त्या चहा ठेवायला आत गेल्या. काशिनाथांना हसू आलं. अहो, माणूस मडकंसुद्धा वाजवून घेतो, ही तर चांदी. त्यांनी ओटीच्या लादीवर नाणं हलकेच टाकलं. एकदा, दोनदा, तीनदा. आवाज अस्सल होता.

आतल्या बंद खोलीतून उत्तर आलं. टण… टण… टण…

भर दुपारी केळीचं पानही हलेना. कापूर घातलेल्या तेलाचा वास ओटीवर आला, आणि त्यांच्या अंगावरून फाटकाकडे निघून गेला.

मर्सीबाई चहा न घेताच बाहेर आल्या. "वाजवलंत?"

"हो… आत कोण…"

"कोन नाय. तुमच्या घरी कोन असतं?"

"बायको… एकटीच…"

"मग निघा."

रिक्षात त्यांनी सहा वेळा फोन लावला. उचलला नाही. सॅक्सनी खिशात होतं, आणि ते खाडीत फेकून बायको परत मिळणार असेल तर त्यांनी तेही फेकलं असतं.

किल्लीने दार उघडलं. घरात तोच कापराचा वास. अनसूयाबाई स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसलेल्या, घामाने निथळत, पण शुद्धीत. हातात रिकामा पेला. काशिनाथ तिथेच फतकल मारून बसले आणि लहान मुलासारखे रडले.

"अहो, मी बरी आहे," त्या म्हणाल्या. "चक्कर आली, हाक मारायलाही आवाज फुटेना. तुम्ही पाठवलेली ती म्हातारी आली म्हणून बरं. बोलत नाही का हो ती? पेल्यावर काहीतरी वाजवत राहिली, मी डोळे उघडेपर्यंत. मग त्यानेच साखर ढवळून पाणी पाजलं."

दोघं पोटभर जेवली. काशिनाथांनी नाणं प्लास्टिकच्या पाकिटात घालून चारही कडांना स्टेपल मारलं आणि कपाटात ठेवलं. त्या रात्री त्यांना गाढ झोप लागली.

सकाळी कपाट उघडलं. पाकीट तसंच बंद होतं. आत, सॅक्सनीच्या राजाभोवती, मुंग्या लागल्या होत्या.