मनाईच्या बागेत राब

बिगरीतली बावीस पोरं पडक्या भिंतीवरून एकेक करून पलीकडे सोडताना त्यांची शिक्षिका नलू हिच्या उशिरा ध्यानात आलं, की एकही पोर खाली पडल्याचा आवाज आलेला नाही. एकविसावं सोडल्यावर तिनं वाकून पाहिलं. खाली खाकी कोटातला एक तरुण हात वर करून उभा होता.

“किती राहिली?”

“एक.”

“द्या.”

बाविसावं अलगद उतरलं. मग त्यानं कोटाची बाही झटकली. “मी रघुवीर लिमये. बागेचा नवा ओव्हरसियर. इथं लहान मुलांस मनाई आहे.”

“मग उतरवून कशाला घेतलीत?”

“भिंत उंच आहे, बाई. लागलं असतं.”

यावर हसावं की संतापावं, असा प्रश्न होता. नलूनं संताप निवडला; त्याचा तिला सराव होता.

भोरात नदीकाठच्या त्या जागेला बाग म्हणायचं ते केवळ फाटकावरच्या बोर्डामुळे. फुले तोडू नयेत, गवतावर चालू नये, लहान मुलांस मनाई आहे. फुलं नव्हतीच. कारंज्यात पाली राहत. बाकाला दोन पाय होते. भरपूर होतं ते गवत, आणि ते दरवर्षी लिलावात एकाच माणसाला जाई: बाग कमिटीचे अध्यक्ष आनंदराव यांच्या मेव्हण्याला. म्हणजे मेव्हण्याच्या म्हशींनी जेवावं म्हणून गावच्या पोरांनी खेळायचं नाही.

“म्हशींना मनाई नाही?” नलूनं विचारलं.

“बोर्डावर तरी तसं लिहिलेलं नाही,” तो गंभीरपणे म्हणाला. डोळे मात्र… तिला ते डोळे आवडले, आणि त्याचाही तिला राग आला.

मुलांना खेळायला जागा मिळावी, असा अर्ज त्यानंच लिहून दिला. कमिटीचा ठराव आला: पूर्वेचा कोपरा मुलांना द्यावा, खर्चास पैसा मिळणार नाही, आषाढअखेरच्या पाहणीत कोपरा सुशोभित न दिसल्यास तो पुन्हा गवतास जावा.

“पैशावाचून सुशोभित कशानं करायचं?”

“कमिटीचा अनुभव असा, की ठरावानं होतं.”

तिला हसू आलं, ते तिनं पदराआड दडवलं. चैत्र होता, शाळा सकाळची होती. दुपारभर दोघं खपू लागले. बैलगाडीचं मोडकं चाक जमिनीत पुरलेल्या खुंटावर आडवं बसवलं. पोरं त्यावर गरगर फिरली. मोटेचा जुना नाडा चिंचेला बांधून झोका केला. गाठ आवळताना दोघांची बोटं एकमेकांवर आली आणि गाठ जरुरीपेक्षा बराच वेळ आवळली गेली.

झोक्याखाली पोरं आपटत. बागेचा माळी गेनबा हा डोंगरातल्या पासली गावचा, सगळा जन्म भातात गेलेला. “गेनबा, हा तुकडा जरा मऊ करून ठेवा,” असं सांगून नलू दोन दिवस मावशीकडे कापूरहोळला गेली. परतली तेव्हा कोपरा काळाकुट्ट. शेण, पाला, फांद्या रचून गेनबानं जमीन भाजून काढली होती. फाटकावरचा बोर्डही नव्हता.

“मऊ म्हनलात म्हून राब भाजला,” गेनबा म्हणाला. “राबाबिगर भुई मऊ व्हती व्हय, बाई? आता पावसात रोप कसं तरारतंय बघा.”

“आणि बोर्ड?”

गेनबानं लिमयेकडे पाहिलं. लिमयेनं कारंज्याकडे पाहिलं.

“बोर्ड संस्थानचा आहे,” तो म्हणाला. “मला अहवाल द्यावा लागेल.”

“म्हाताऱ्या माणसाची नोकरी जाईल.”

“नियम आहे, बाई.”

“मग इथून पुढं नियमाशीच बोला.”

ती दोन महिने बोलली नाही. तो रोज येई, चाकाला वंगण घाली, उभा राही.

“सायेब म्हनत्यात, नाडा झिजलाय,” गेनबा सांगे.

“साहेबांना सांगा, दिसतंय मला.”

“सांगतो. लांब न्हाईत, हितंच हायेत.”

आषाढात राबातलं भाताचं रोप तरारलं आणि उरलेल्या कोपऱ्याचा चिखल झाला; सुशोभित करायला तेवढंच हाताशी होतं. चिखलणीला गेनबानं बैल मागितले नाहीत. बावीस पोरं होती. पाटी पाहून रडणारी पोरं गुडघाभर चिखलात थयथय नाचली, आणि मग वाकड्यातिकड्या ओळींत त्यांनी रोपं लावली. शेवटची ओळ राहिली असताना छत्र्या उघडून कमिटी आली.

“गवत कुठाय?” आनंदराव कडाडले. “फाटकावरचा बोर्ड कुणी काढला?”

गेनबानं हात जोडले. लिमये मध्ये आला, खिशातला कागद काढून वाचू लागला:

“सदर बोर्ड पूर्ण वाळलेला असून राबास उपयुक्त वाटल्याने मी स्वतः काढून गेनबाच्या स्वाधीन केला. गेनबाने दोनदा नको म्हटले. मी ओव्हरसियर असल्याचे त्यास सांगावे लागले.”

नलूच्या हातातली रोपांची जुडी तशीच राहिली.

“उपटा हे भात,” आनंदराव म्हणाले.

कोणी हललं नाही. “उभं पीक हाय, मालक,” गेनबा हळूच म्हणाला. “लेकरांनी लावलेलं. पयला हात तुमी लावा.”

आनंदराव आंबवड्याच्या शेतकऱ्याचे चिरंजीव. ते चिखलाकडे बघत राहिले. लावलेलं भात उपटणारा म्हणून नाव घेऊन घरी जाणं त्यांनाही परवडणारं नव्हतं. “कापणीपर्यंत राहू दे,” ते पुटपुटले. उरलेला राग त्यांनी लिमयेवर काढला. चौथ्या दिवशी हुकूम आला: घाटाखाली, सुधागडास बदली.

“मला सांगता आलं नाही?” त्या दुपारी रिमझिमत्या पावसात नलू चिखलातूनच कडाडली. शेवटची ओळ अजून राहिलीच होती.

“तुम्ही नियमाशी बोलायला सांगितलं होतं.”

“लिमये.”

“सांगितलं असतं, तर मला वाचवायला ‘बोर्ड मी जाळला’ म्हणत तुम्हीच आनंदरावांकडं गेला असता.”

हे खरं होतं. त्यामुळे ती जास्तच चिडली.

“तिकडं शाळा आहे?”

“आहे. बिगरीला मास्तर आहेत. छडी मारतात. ओली.”

“बिगरीला छडी? आणि हे चालतं?”

“म्हणून… तिथं एक बाई पाहिजे. म्हणजे, शाळेला. आणि—”

“आणि?”

सगळ्याला उत्तर असणारा तो माणूस छत्रीच्या दांड्याशी चाळा करत राहिला. “आणि मला.”

नलूनं हातातली रोपांची जुडी सारखी केली.

“भात कापल्याशिवाय मी इथून हलणार नाही. मी गेले, की म्हशी आल्याच.”

“म्हणजे कार्तिक.”

“कार्तिक.”

“बरं आहे. त्याआधी मुहूर्तही नाहीत.”

“मी भाताबद्दल बोलतेय.”

“मीही,” तो म्हणाला, आणि बूट काढून चिखलात उतरला.

तिनं अर्धी जुडी त्याच्या हातात ठेवली. “सरळ लावा,” ती रागानं म्हणाली. आपला हात काढून घ्यायला मात्र तिनं जरा वेळच लावला.