काचेवरची रांग

विश्वास ठेवायचा तर ठेवा, नाहीतर राहू द्या. मी चित्रं काढून पोट भरते, गोष्टी रचून नाही. आणि जिच्याबद्दल सांगतेय ती माझी सख्खी भाची आहे. तिच्या जिवाशी खेळून मला कुणाची करमणूक करायची नाहीये.

गेल्या वर्षीची हॅलोवीनची संध्याकाळ. ओहायोतलं आमचं गाव, हार्लन मिल्स. मेन स्ट्रीटवरचं माझ्या भावाचं, ड्वेनचं, हार्डवेअरचं दुकान.

आणि त्या दुकानाची दर्शनी काच.

आमच्याकडे ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात शाळेतली पोरं दुकानांच्या काचा रंगवतात. भोपळे, चेटकिणी, वटवाघळं. रंगात भांडी घासायचा पातळ साबण कालवायचा, म्हणजे नंतर काच पटकन धुऊन निघते. हॅलोवीनच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, ज्यानं रंगवलं त्यानंच बादली घेऊन यायचं. दुसऱ्याचं चित्र पुसायचं नाही. का, ते कुणी सांगत नाही. आई नुसतं म्हणायची, "ज्याचं चित्र, त्याच्याच हातानं."

मी दहा वर्षांची असताना ती काच मी आणि माझी जिवलग मैत्रीण डार्ला, आम्ही दोघींनी रंगवली होती. सोंगं घेतलेल्या पोरांची रांग, टेकडीवरच्या घराकडे निघालेली. पुढची सगळी पोरं मी काढलेली. शेवटचं एकच डार्लाचं. पांढरी चादर पांघरलेलं भूत, पायात लाल रबरी बूट. पोरीनं स्वतःलाच काढलं होतं.

त्याच हॅलोवीनला गिरणीच्या वळणावर तिला गाडीनं उडवलं.

दुसऱ्या दिवशी मी माझी पोरं धुतली. रडत रडत धुतली. डार्लाचं भूत तसंच राहिलं. महिन्याभरानं बाबांनी ते धुऊन टाकलं, तर आई आठवडाभर त्यांच्याशी बोलली नाही.

असो.

गेल्या वर्षी माझं डोकं पार कोरडं पडलं होतं. मुलांसाठी हॅलोवीनच्या पुस्तकाचं काम घेतलेलं आणि कागदावर रेघ उमटेना. ड्वेन फोनवर म्हणाला, "रोंडा, इकडे ये. टेसा पहिल्यांदाच काच रंगवतेय. तिला शिकव आणि चार दिवस फुकटचं खा."

टेसा त्याची मुलगी. नऊ वर्षांची. जिभेला हाड म्हणून नाही.

"आत्या, तू खरंच चित्रकार आहेस ना? मग हे मांजर कुत्र्यासारखं का दिसतंय?"

"कारण ते तू काढलंयस, शहाणे."

मी डब्यातल्या रंगात साबण ओतला, काडीनं ढवळला, आणि तो वास नाकात शिरला... मी एकदम दहा वर्षांची झाले. आईचा माळ्यावरचा खोका आठवला. त्यातलं पाठ कमानीसारखी वर केलेलं पुठ्ठ्याचं काळं मांजर, दरवर्षी दारावर चिकटवायचो ते. हातपाय हलणारा कागदी सांगाडा. त्याचा एक पाय मी आणि डार्लानं भांडून तोडला होता. डोळ्यांत टचकन पाणी आलं.

त्याच दुपारी दुकानातल्या खुर्चीत बसून मी ती रांग पुन्हा काढली. कागदावर. हात नुसता पळत होता. सगळी पोरं आली. शेवटी डार्ला आली, लाल बुटांत.

टेसा शेजारीच कोल्ह्याचा पोशाख घालून बघत होती. उभे कान, झुपकेदार शेपूट. इतकी गोड दिसत होती की मी तिलाही रांगेत घेतलं.

डार्लाच्या मागे.

तिचा हात डार्लाच्या हातात दिला.

कित्येक महिन्यांत पहिलं जिवंत चित्र झालं होतं. मी लगेच फोटो काढून संपादकबाईंना पाठवला. त्यांचं उत्तर आलं, "हेच मुखपृष्ठ!" त्या दिवशी मी इतकी खूश होते ना, काय सांगू तुम्हाला.

हॅलोवीनच्या दिवशी थंडी वाढली. ड्वेननं गिऱ्हाइकांसाठी शेगडीवर सफरचंदाचा रस उकळत ठेवला होता, दालचिनी घालून. दुकानाची काच आतून वाफेनं पांढरी झाली.

मग वाफेत रेघा दिसायला लागल्या...

एक पोरगं. त्याच्या मागे दुसरं.

रांग.

"ड्वेन... हे बघ."

"अगं, साबणाचा डाग आहे. कितीही धुवा, वाफ धरली की उमटतो. तुला माहीत नाही होय?"

माहीत होतं. खरंच उमटतो. पण ड्वेन बोलता बोलता थांबला आणि मान खाजवायला लागला.

"पण ही काच तर... गारपिटीत जुनी फुटली. ही मी तीन वर्षांपूर्वी नवी बसवलीय."

त्यानं फडकं मारलं. वाफ गेली.

रेघा राहिल्या.

रांगेच्या शेवटी चादर पांघरलेलं भूत होतं. आणि त्याच्या मागे... दोन उभे कान. झुपकेदार शेपूट. हातात हात.

मी ड्वेनचा दंड धरला. "टेसाला आज बाहेर सोडू नकोस."

"वेड लागलंय का तुला? वर्षभर वाट बघितलीय पोरीनं. डाग दिसला म्हणून घरात कोंडू?"

"मग मी जाते तिच्याबरोबर."

"जा. मिळतील त्या गोळ्या-चॉकलेटं मात्र तिची तिला खाऊ दे."

सहा वाजता गावाचा भोंगा वाजला आणि पोरं घरोघरी गोळ्या मागायला सुटली. मी टेसाचा डावा हात घट्ट धरला. पहिलं घर कोवाच बाईंचं. त्यांनी टेसाच्या पिशवीत चॉकलेट टाकलं. मग पुन्हा वाकल्या.

"आणि हे तुला गं, भुता."

त्यांचा हात आमच्या बाजूला, रिकाम्या जागेत उघडला. चॉकलेट हातातून सुटलं...

खाली पडल्याचा आवाज आला नाही.

"कोवाच बाई, आम्ही दोघीच आहोत."

"हो का? मग ही चादरवाली कुणाची?" त्यांनी चष्मा वर केला. परत बघितलं. चेहरा उतरला आणि त्यांनी दार लावून घेतलं.

पुढच्या घरीही दोन चॉकलेटं. त्याच्या पुढच्या घरीही.

आणि मागून आवाज...

फच्... फच्...

ओल्या रबरी बुटांचा. आठवडाभर पावसाचा थेंब नव्हता. मी वळून बघितलं. कुणी नाही. वाळलेल्या पानांचा खच पडलेला, पण एक पान हललं नाही.

मग माझं लक्ष टेसाच्या उजव्या हाताकडे गेलं. पिशवी तिनं कोपराला अडकवली होती. हात जरासा लांब धरलेला. बोटं मिटलेली, कुणाचा तरी हात धरावा तशी.

"टेसा... हात असा का धरलायस?"

"ती सोडतच नाहीये. खूप गार आहे गं तिचा हात."

मी देवाचं नाव घेतलं आणि तिला घराकडे ओढलं. घराची वाट गिरणीच्या वळणावरूनच जाते. वळण आलं आणि टेसाच उलटी ओढायला लागली.

"ती म्हणते पलीकडे एक घर राहिलंय."

पलीकडे घर नाही. मक्याचं कापलेलं शेत आहे.

ती ओढ नऊ वर्षांच्या पोरीची नव्हती. माझे बूट डांबरावरून घसरत गेले. आम्ही रस्त्याच्या मधोमध आलो आणि वळणावरून दिवे आले... मी टेसाच्या कमरेला मिठी मारली आणि किंचाळले, "डार्ला, सोड तिला! ही माझी आहे!"

आम्ही दोघी मागे आदळलो. गाडी अंगावरून गेल्यासारखी गेली. थांबली नाही.

मग एकदम शांत. बुटांचा आवाजही बंद. टेसा हुंदके देत होती आणि तिची शेपूट तुटून गेली होती. मी मोबाईलच्या उजेडात अख्खा रस्ता बघितला. कुठेच सापडली नाही.

इतकी वर्षं मला वाटायचं, डार्ला एकदा तरी दिसावी. त्या संध्याकाळी नाही वाटलं हो.

सकाळी सगळी पोरं बादल्या घेऊन मेन स्ट्रीटवर आली. टेसानं आपलं मांजर धुतलं. रेघा अजून तिथंच होत्या. मी कोल्ह्यावर ओला तळवा ठेवला. एका हातात साफ! माझं चित्र होतं ना, माझ्याच हातानं गेलं. डार्लाचं भूत मात्र नखं दुखेपर्यंत घासलं तरी गेलं नाही.

कागदावरचं चित्र मी शेगडीत जाळलं. संपादकबाईंना कळवलं, ते वापरू नका. कोल्ह्याशिवाय दुसरं काढून दिलं. वाटलं, सुटलो.

गेल्या आठवड्यात पुस्तकाच्या प्रती घरी आल्या.

मुखपृष्ठावर कोल्हा होता. डार्लाचा हात धरून.

मी फोन केला तर संपादकबाई हसल्या. "अहो, कोल्ह्याशिवाय रांग ओकीबोकी दिसत होती. शेवटी तुमचा पहिलाच फोटो वापरला. रागावू नका हं, तुमचंच तर चित्र आहे!"

माझंच तर आहे.

ओलं फडकं घेऊन एक प्रत घासली. कागद फाटला. पण पुस्तक आता गावोगावच्या दुकानांत पोचलंय. किती हातांनी पुसू?

काल टेसाचा फोन आला.

"आत्या, कोल्ह्याचा पोशाख तोकडा झालाय. बाबा म्हणतो नवीन घेऊ. पण ती म्हणते, तोच घाल."

"अगं, तो कसा घालशील? त्याची शेपूट तुटली ना?"

"नाही... तिनं परत आणून दिली. आज सकाळी पायरीवर होती. थोडी ओली आहे, पण वाळेल ना?"

मी बॅग भरलीय, आत्ता निघतेय. हॅलोवीन परवा आहे. गेल्या वर्षी मी तिचा एकच हात धरला होता. या वेळी दोन्ही धरणार आहे.