चिमणीच्या पाठीवरची घंटा

भाऊजी ढगात नाव चालवत होते. नावेत नुसत्या उशा भरल्या होत्या आणि वल्हं म्हणून हातात लांब दांड्याचा चमचा होता. इतक्यात कुणीतरी ढगावर धपाधप बुक्के मारायला लागलं.

सकाळचे साडेअकरा वाजले होते. दार वाजत होतं.

त्या गावात साडेअकरापर्यंत झोपणं हा आळस समजला जात नसे. चौकातल्या मनोऱ्यावरची घंटा तडकलेली होती. ती 'टण्ण' वाजायची नाही. उशीवर उशी पडावी तशी 'ढप्प' करायची आणि जागं होऊ पाहणारी माणसंसुद्धा कूस बदलून परत झोपायची.

वहिनींनी दार उघडलं. त्यांनी बावीस वर्षं वजनकाट्यावर ट्रक तोलण्यात घालवली होती. कोणता ट्रक किती खोटं बोलतोय ते त्या टायरकडे बघूनच सांगायच्या. निवृत्त झाल्यावर माणसं तोलायला लागल्या. दारावर पाटी होती : 'खासगी तपास. चपला बाहेर.' भाऊजी त्यांचे दीर. ते मदतनीस होते, म्हणजे मध्ये मध्ये जागे असायचे.

दारात एक साठीचा माणूस उभा होता. त्याच्या हातात गाडीचं स्टिअरिंग होतं. नुसतं स्टिअरिंग.

"काका, बाकीची गाडी कुठे?" वहिनी म्हणाल्या.

"चौकात. पालिकेच्या साहेबांनी चावी घेतली. मग मी हे काढून घेतलं. आता न्या म्हणावं."

हा चिमणीवाला. चिमणी हे त्याच्या जुन्या, छोट्या पिकअपचं नाव. कागदावर तिची ताकद पाचशे किलोची होती, पण चिमणीवाल्याचं म्हणणं, कागद तिच्या लहानपणी लिहिलेत. तिनं कपाटं वाहिली, विटा वाहिल्या, बंद पडलेल्या बसगाड्या ओढल्या. एकदा ओढायचा दोर बसऐवजी न्हाव्याच्या दुकानाच्या खांबाला बांधला गेला आणि अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक दुकानासकट चौकात आलं. मागचं वजन फार झालं की चिमणीची पुढची चाकं अधांतरी व्हायची. मग चिमणीवाला सासूबाईंना बॉनेटवर बसवायचा. बाई वजनदार होत्या आणि त्यांना वारा आवडायचा.

"काल पहाटे मनोऱ्यावरची घंटा न्यायची होती," तो सांगू लागला. "डोंगरापलीकडच्या ओतशाळेत. वितळवून नवी ओतणार होते, तडा नसलेली. साडेसातशे किलो. मी नेली. ओतशाळेत ताडपत्री काढली, तर आत घंटा नाही. पत्र्याची रिकामी टाकी."

"वाटेत थांबलात?"

"घाटमाथ्यावर चहाला. पण उतरलो नाही. हँडब्रेक लागत नाही ना तिचा, पाय ब्रेकवर ठेवूनच बसावं लागतं. चहासुद्धा खिडकीतून घेतला. साहेब म्हणतात, तूच विकलीस. संध्याकाळी पाचपर्यंत घंटा आण, नाहीतर चिमणी भंगारात." त्यानं स्टिअरिंग मांडीवर घेतलं. "वहिनी, बत्तीस वर्षं झाली. पोरीसारखी आहे ती."

"घंटा चढवताना पाहिलीत?"

"कशी पाहणार? पाय ब्रेकवर. आरसा धुक्यानं पांढरा. मनोऱ्याचा घड्याळजी एकटाच मागे साखळ्या खडखडवत होता. पण हात काय हळुवार त्याचा. चिमणी कशी बसली सांगू? आजी पाटावर बसते ना, तशी. हळूहळू, हळूहळू. वीसेक मिनिटं बसतच होती."

"आणि चालताना?"

"गचके देत होती. ब्रेक दाबला की एकदा पुढे ढकलायची, आणि क्षणभरानं परत एकदा. स्प्रिंगचे पाटे म्हातारे झालेत. पण शहाणी किती. जसजसं पुढे जावं तसतशी जास्त जोरात ओढत होती. चढावर मी तिची पाठ थोपटली."

वहिनींनी चपला घातल्या. "भाऊजी, उठा. आणि गोधडी इथेच ठेवा."

*

साहेबांनी चावी पाचपर्यंत उसनी दिली. गुन्हा घडला तसा बघितला तरच सापडतो, असं वहिनींनी सांगितल्यावर त्यांना नाही म्हणता आलं नाही, कारण तपासाच्या पुस्तकात तसंच होतं आणि ते पुस्तक त्यांनी वाचलेलं नव्हतं.

चिमणीवाल्यानं स्टिअरिंग बसवलं आणि दिवे लागतात का ते पाहिलं. मनोऱ्याच्या कमानीखाली, सावलीतल्या भिंतीवर उजेडाचे दोन गोल पडले. भाऊजी हौद्यात चढले तसे ते दोन्ही गोल वीतभर वर सरकले.

"भाऊजींना बघून चिमणीनंही मान वर केली," वहिनी म्हणाल्या.

"हसा," भाऊजी म्हणाले.

मनोऱ्याशेजारी पहिल्या मजल्यावर शिवणकाम करणारी बाई राहायची. ती खिडकीतूनच बोलली. "काल पहाटे? हा मेला निघाला तेव्हा त्याचे दिवे थेट माझ्या छतावर आले. मला वाटलं चंद्र घरात शिरला. त्याआधी अर्धा तास तोंड धुवायला नळाला पाणी नाही. करंगळीएवढी धार. लिहून घ्या हेही."

"चोरीशी काय संबंध त्याचा?" भाऊजी म्हणाले.

"संबंध नसेल, पण तक्रार आहे."

मनोऱ्याचा घड्याळजी जिन्याखाली खुर्ची टाकून बसला होता. पन्नाशीपुढचा, बारीक, स्वतःच सेकंदकाट्यासारखा. खुर्चीखाली फरशीवर गंजाचं मोठं वर्तुळ होतं आणि तो बरोबर मधोमध बसला होता, जणू आखलेल्या रिंगणात. भाऊजी आत शिरले ते रबरी नळीच्या वेटोळ्यात पाय अडकून पडलेच.

"घंटा मी उतरवली, चढवली, ताडपत्री बांधली," घड्याळजी म्हणाला. "पुढचं काकांना ठाऊक."

"वर बघू का जरा?"

"वर काय राहिलंय, वहिनी? रिकामा दांडा. एकशे बारा पायऱ्या आहेत. साहेब स्वतः अकराव्या पायरीवरून परत गेले."

भाऊजींनी एकशे बारा पायऱ्यांचा विचार केला आणि घड्याळजीवर त्यांचा पूर्ण विश्वास बसला.

*

घाट चढताना भाऊजी हौद्यात उताणे पडले. पोटावर आभाळ सरकत होतं. मग ते पालथे झाले. हौद्याचा तळ गंजून चाळणीसारखा झाला होता आणि भोकांतून खालचा रस्ता नदीसारखा वाहताना दिसत होता. त्यांना वाटलं, आपण पाण्यावरून चाललोय. मासेही दिसले. मग कळलं की झोप लागली होती.

घाटमाथ्यावरच्या सपाटीला चहावाला होता. "काल ना? धुकं असं होतं की मी माझ्याच टपरीला विचारलं, तू कोण. मग ह्याचे दिवे आले. त्यांच्या उजेडात टपरीच्या दारावरची, उधारीच्या फुल्या मारलेली फळी दिसली, बरोबर माझ्या छातीच्या उंचीवर. चार मिनिटं थांबला. खिडकीतून चहा प्यायला. पेला घेऊन गेला."

"आणून देतो म्हटलं ना," चिमणीवाला म्हणाला.

"हे तो दर वेळी म्हणतो."

ओतशाळेतला ओतारी आडदांड होता आणि चिडलेला होता. "माझ्यावर संशय घ्यायचं कारण नाही. हा फाटकात आला तेव्हा मी पायांत घालायला चपला शोधत होतो. त्याच्या दिव्यात सापडल्या, पायापाशीच. ह्यानं चाकाला दगड लावला, हातपाय धुवायला आत गेला. मग आम्ही दोघांनी मिळून ताडपत्री काढली."

"हातपाय धुवायला किती वेळ?" भाऊजींनी डोळे बारीक करून विचारलं. त्यांना गुन्हेगार सापडला होता. "तेवढ्यात तुम्ही घंटा काढून टाकी ठेवलीत."

"साडेसातशे किलो? हातानं?"

"तुम्ही आडदांड आहात."

"भाऊजी," वहिनी म्हणाल्या, "टोपी काढा, डोक्याला वारा लागेल आणि अजून काहीतरी सुचेल."

टाकी अंगणाच्या कोपऱ्यात सावलीत पडली होती. उंच, गोल, वर उघडी, तळाशी तोटी. भाऊजींनी रागानं टोपी त्या तोटीला अडकवली. निघताना डोक्यावर घातली तर गार लागली.

"धुकं अजून उतरतंय वाटतं," ते म्हणाले.

वहिनींनी टोपी पिळून पाहिली आणि घड्याळात बघितलं. साडेतीन.

*

पावणेपाचला मनोऱ्याखाली सगळे जमले. साहेबांनी चावी परत घेतली होती आणि भंगारवाल्यालाही बोलावून ठेवलं होतं. तो चिमणीच्या दारावर टिचक्या मारून आवाज ऐकत होता. चिमणीवाला त्याच्याकडे बघत नव्हता. बघितलं असतं तर मारामारी झाली असती.

"साहेब," वहिनी म्हणाल्या, "घंटा वाटेत चोरली की ओतशाळेत, एवढंच सगळे विचारताहेत. मी दिव्यांना विचारलं. मागे वजन असलं की चिमणीचे दिवे वर बघतात. निघताना उजेड कुठे होता? पहिल्या मजल्याच्या छतावर. म्हणजे पूर्ण वजन. ओतशाळेच्या फाटकात कुठे? ओताऱ्याच्या चपलांवर. वजन शून्य. म्हणजे ओताऱ्याच्या हाती पडायच्या आधीच गाडी रिकामी होती. भाऊजी, त्यांची माफी मागा."

"ते इथे नाहीत," भाऊजी म्हणाले.

"मग मनात मागा. आता घाटमाथा. तिथे उजेड कुठे? छातीच्या उंचीला. छतावर नाही, चपलांवरही नाही. म्हणजे अर्धं वजन."

साहेबांनी भुवया वर केल्या. "अर्धी घंटा?"

"तेच तर. अर्धी घंटा कुणी चोरत नाही. चिमणी जसजशी पुढे गेली तसतशी जोरात ओढायला लागली, असं काका म्हणाले. म्हणजे वजन थोडं थोडं, वाटभर कमी होत गेलं. असं थोडं थोडं जाणारं काय असतं? आणि ब्रेक मारला की दोनदा ढकलणारं? आधी गाडी थांबते, मग टाकीतलं पाणी येऊन आदळतं. बावीस वर्षं पाण्याच्या टँकरचा काटा माझ्यासमोर डुलताना पाहिलाय मी."

चिमणीवाल्याचं तोंड उघडं राहिलं.

"घंटा ठेवली तर गाडी एकदम बसते. कितीही हळुवार हात असो, साखळी सैल झाली की सगळा भार एकाच वेळी येतो. इथे चिमणी वीस मिनिटं बसत होती. तेवढा वेळ शेजारच्या बाईंच्या नळाला करंगळीएवढी धार. रबरी नळी भाऊजींच्या पायात आली. टाकी जिन्याखाली ठेवलेली असायची, तिचा गंज अजून फरशीवर आहे, खुर्ची टाकून झाकला जात नाही. टाकीत साडेसातशे लिटर पाणी, तोटी जेमतेम सोडलेली, हौद्याच्या तळाला भोकं. रस्ता ओला, पण धुक्यात सगळाच रस्ता ओला. दीड तासात टाकी रिकामी. आणि काका ब्रेकवर पाय ठेवून बसतात, मागे बघत नाहीत, हे ज्याला ठाऊक, त्यानंच हे केलं."

सगळे घड्याळजीकडे बघायला लागले. तो फरशीकडे बघत होता.

"मग घंटा कुठे आहे?" साहेब म्हणाले.

"बाराव्या पायरीच्या पुढे," वहिनी म्हणाल्या. "काका, जा वर."

चिमणीवाला गेला. त्याच्या पावलांचा आवाज गोल गोल वर चढत, बारीक होत गेला. मग बराच वेळ काही नाही. भाऊजींना उभ्या उभ्या डुलकी आली.

"ढप्प," वरून आवाज आला.

भंगारवाल्यानं जांभई दिली.

"तडा मीच पाडला होता," घड्याळजी हळूच म्हणाला. "मुलगी लहान होती. तापानं तीन दिवस डोळ्याला डोळा लागला नव्हता तिच्या, आणि ही दर तासाला टण्ण. मी घण घातला. ती झोपली. गावही झोपलं, त्याला माझा इलाज नाही. आता ती परक्या मुलखात असते. झोप लागली नाही की फोन करते, म्हणते, बाबा, ऐकवा. मी फोन वर धरतो. नवी घंटा तिला काय झोपवणार?"

"आणि काका?" वहिनी म्हणाल्या. "त्यांची चिमणी जात होती."

"मला वाटलं, धुक्यात नाहीशी झाली म्हणतील. माणसावर येईल असं ध्यानातच आलं नाही. काल कळलं, तेव्हापासून जेवलो नाही. पण बोलायचं धाडसही झालं नाही."

साहेबांनी घसा साफ केला. "घंटा सापडली. उद्याच ओतशाळेत पाठवू."

"पाठवा की," वहिनी म्हणाल्या. "फक्त कागदावर लिहावं लागेल, घंटा जागेवरच होती आणि साहेब अकराव्या पायरीवरून परतले."

साहेबांनी बराच वेळ चिमणीकडे पाहिलं. "हिची क्षमता किती?"

"कागदावर पाचशे किलो," भाऊजी म्हणाले.

"आणि घंटा साडेसातशे. छे छे. नियमात बसत नाही. योग्य वाहन मिळेपर्यंत घंटा जागेवर राहील. असंच लिहितो." त्यांनी चावी वहिनींच्या हातात ठेवली आणि भंगारवाल्याला घेऊन निघून गेले, भरभर, जाग आलेल्या माणसासारखे.

चिमणीवाला धापा टाकत खाली आला, तशी वहिनींनी चावी त्याच्या हाती दिली आणि घड्याळजीचं सगळं सांगितलं. चावी मुठीत घट्ट धरून तो घड्याळजीसमोर उभा राहिला.

"पाण्यासाठी," तो म्हणाला. "डोंगरभर मी तिची पाठ थोपटली. पाण्यासाठी."

"चुकलो, काका. माफ करा."

"मला काय सांगतोस? तिला सांग."

घड्याळजी चौकात गेला. शिवणकामवाली खिडकीतून बघत असताना त्यानं चिमणीच्या पुढे उभं राहून हात जोडले. चिमणीवाल्यानं आत बसून चावी फिरवली. एरवी चार-चार धक्के मारायला लावणारी ती, पहिल्या फटक्यात सुरू झाली.

चिमणीवाला थोडा वेळ इंजिन ऐकत बसला.

"तिनं केलं माफ," तो खिडकीतून म्हणाला. "ती आधीपासून साधी. माझं अजून ठरायचंय. बस आत, घरी सोडतो तुला. वाटेत काहीतरी खाऊन घे."